चिनी वनौषधी आणि पक्षाघातातील मेंदूचे रक्षण : उपलब्ध पुराव्याची चिकित्सा

सारांश

पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूच्या पेशींचे रक्षण व्हावे या हेतूने चिनी वैद्यकपरंपरेतील अनेक काढे, वनस्पतींचे अर्क आणि त्यांतून वेगळे काढलेले रेणू गेल्या काही दशकांत अभ्यासले गेले आहेत. प्रस्तुत लेखात या संशोधनाची समीक्षा केली आहे. काढा, प्रमाणित अर्क आणि शुद्ध रेणू या तीन भिन्न गोष्टी ‘चिनी वनौषधी’ या एकाच नावाखाली मांडल्या गेल्याने एकीचा पुरावा दुसरीच्या नावावर जमा होतो, हा या साहित्यातील मूलभूत दोष आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. शेवटी आपल्याकडील वनौषधीविषयक महाविद्यालयीन संशोधनाने यातून काय घ्यावे याचा विचार केला आहे.

बीजशब्द : पक्षाघात, मेंदूचे रक्षण, चिनी वैद्यक, वनौषधी, यादृच्छिक चाचणी, पुरावा

१. प्रस्तावना

मराठीत पक्षाघातासाठी ‘अर्धांगवायू’ हा जुना शब्द आहे. चरकसंहितेतही पक्षवधाची गणना वातव्याधींमध्येच केलेली आढळते. चिनी वैद्यकात या व्याधीला ‘झोंगफेंग’ म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘वाऱ्याचा तडाखा बसणे’ असा आहे. धडधाकट माणसाला क्षणार्धात आडवे करणाऱ्या या आजाराचे मूळ दोन्ही परंपरांनी वायूत शोधले. बहुतांश रुग्णांत मेंदूच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकल्यामुळे आणि उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटल्यामुळे हा आघात होतो, हे आज आपण जाणतो. कारणमीमांसा बदलली तरी परंपरेतील औषधांचे काय, हा प्रश्न मात्र उरतो. कारण चुकीचे असूनही औषध गुणकारी असू शकते. वैद्यकाच्या इतिहासात याची उदाहरणे आहेत.

या प्रश्नाला चीनमध्ये मोठे संशोधकीय बळ मिळाले. तूं यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर परंपरागत औषधांकडे पाहण्याची जगाची दृष्टीही बदलली. हिवतापावरील आर्टेमिसिनिनचा शोध १९६७ मध्ये सुरू झालेल्या शासकीय प्रकल्पातून लागला आणि त्याचा एक धागा चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथातील नोंदीपर्यंत जातो. तेव्हापासून ‘आर्टेमिसिनिन मिळाले, तसे पक्षाघातावरील औषधही मिळेल’ असा सूर अनेक परीक्षणलेखांत ऐकू येतो. हा आशावाद कितपत साधार आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पक्षाघातात मिनिटांना किंमत असते. त्यामुळे येथे चुकीच्या दाव्याची किंमत शब्दांत नव्हे, तर रुग्णाच्या वाचेत आणि हातापायांच्या बळात मोजावी लागते.

२. ‘मेंदूचे रक्षण’ या संकल्पनेचा अर्थ

दाव्यांकडे वळण्यापूर्वी ‘रक्षण’ म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. धमनी बंद पडली की तिच्या क्षेत्राच्या मध्यभागातील पेशी काही मिनिटांतच मरतात. या मृत गाभ्याभोवती मात्र आणखी एक पट्टा असतो. तेथे शेजारच्या वाहिन्यांतून थोडाफार रक्तपुरवठा चालू असतो. पेशींचे कार्य थांबलेले असते, पण त्या जिवंत असतात. १९७७ पासून आस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनामुळे या पट्ट्याला ‘उपच्छाया’ हे नाव रूढ झाले. पुढील काही तासांत या पट्ट्यात ग्लुटामेटचा अतिरेकी स्राव, पेशींत कॅल्शियमचा शिरकाव, मुक्त मूलकांची निर्मिती, दाह आणि पेशींचा नियोजित मृत्यू अशी घटनांची साखळी चालते. या साखळीत कोठेतरी खीळ घालून उपच्छायेतील पेशी जगविणे म्हणजे मेंदूचे रक्षण होय.

सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार मोठी धमनी बंद असताना उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. म्हणूनच आजचे सिद्ध उपचार रक्तप्रवाह पूर्ववत करण्यावर भर देतात. गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेस हे औषध तीन तासांच्या आत उपयुक्त ठरते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले आणि २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. सूक्ष्म नळीने गुठळी ओढून काढण्याची पद्धत २०१५ मधील चाचण्यांनी प्रस्थापित केली. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत लाभदायक ठरते, असे २०१८ मध्ये दिसून आले. पेशींचे थेट रक्षण करणाऱ्या औषधांचा इतिहास मात्र निराशाजनक आहे. ओ’कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तीव्र पक्षाघातासाठी प्रयोगांत वापरलेल्या १,०२६ उपचारांची मोजदाद केली. त्यांतील ११४ उपचार रुग्णांपर्यंत पोहोचले. परंतु पेशीरक्षक म्हणून जगभर मान्यता पावलेले औषध त्यांतून निघाले नाही. चिनी वनौषधींचा दावा या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. प्राण्यांत यशस्वी आणि माणसांत निष्फळ ठरलेल्या शेकडो द्रव्यांच्या रांगेतच ही द्रव्येही उभी आहेत.

३. परंपरेने नेमके काय सांगितले होते?

या विषयावरील शोधनिबंधांत सर्वाधिक उल्लेख आढळणाऱ्या काढ्यांपैकी एक म्हणजे ‘बूयांग ह्वानवू तांग’. वांग छिंगरेन (१७६८–१८३१) यांनी तो १८३० च्या आपल्या ग्रंथात दिला. त्यात सात घटक आहेत : ह्वांगछी ही मुळी, दांगग्वे मुळाची टोके, तांबड्या पिओनीचे मूळ, छ्वानश्योंग, पीच फळाच्या बियांतील गर, करडईची फुले आणि वाळविलेले गांडूळ. ह्वांगछीचे प्रमाण चार ल्यांग, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १२० ग्रॅम असते. इतर सर्व घटक मिळूनही त्याच्या जवळपास जात नाहीत. नावामागे एक गणित आहे. शरीरातील प्राणशक्तीचे दहा भाग कल्पून त्यांतील पाच भाग हरपले की अर्धे अंग लुळे पडते आणि हे पाच भाग परत मिळवून देणारा तो हा काढा, अशी वांग यांची मांडणी होती.

येथे दोन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे हा काढा अंग लुळे पडल्यानंतरच्या अवस्थेसाठी, दीर्घकाळ घेण्यासाठी सांगितलेला होता. झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत उपच्छाया वाचविण्याची कल्पना त्यात नव्हती, असणेही शक्य नव्हते. आधुनिक निबंधांत मात्र ‘पक्षाघातावर दोनशे वर्षे वापरात असलेला काढा’ एवढ्या एका वाक्यावर मेंदूरक्षणाचा दावा उभारला जातो. पुनर्वसनाचे औषध आणि पेशीरक्षणाचे औषध यांतील फरक या वाक्यात पुसला जातो.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. वांग हे परंपरेचे आंधळे अनुयायी नव्हते. त्यांच्या ग्रंथाच्या नावाचाच अर्थ ‘वैद्यांच्या चुकांची दुरुस्ती’ असा आहे. १७९७ मध्ये साथीत दगावलेल्या बालकांची उघडी पडलेली प्रेते त्यांनी स्वतः पाहिली आणि जुन्या ग्रंथांतील शरीररचनेची चित्रे त्यांच्याशी ताडून पाहिली. बुद्धी व स्मृती यांचे स्थान हृदयात नसून मेंदूत आहे, असे त्यांनी ठामपणे लिहिले. अर्धांगाचे कारण वारा हे जुने मतही त्यांनी नाकारले. त्यांच्या निरीक्षणांत चुका होत्या आणि त्यांनी मांडलेली प्राणशक्तीची उपपत्ती आज टिकणारी नाही. परंतु ग्रंथातील वचन डोळ्यांनी पडताळून पाहण्याचा त्यांचा आग्रह निर्विवाद होता. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संशोधनाने हाच आग्रह कितपत पाळला, हे पुढे पाहू.

४. प्रयोगशाळेतील यश आणि त्याचे मोल

प्रयोगशाळेतील निबंधांचे एक ठरावीक रूप बनलेले आहे. उंदीर वा घूस यांच्या मानेतील वाहिनीतून बारीक धागा सरकवून मेंदूची मध्य धमनी तासभर ते दोन तास बंद केली जाते, मग धागा काढून घेतला जातो. द्रव्य दिलेल्या प्राण्यांत मृत भागाचे आकारमान घटल्याचे आढळते. त्यानंतर दाह, ऑक्सिडीकरण आणि पेशीमृत्यू यांच्याशी संबंधित काही प्रथिनांची पातळी मोजली जाते आणि ‘अमुक मार्गाने मेंदूचे रक्षण’ असा निष्कर्ष निघतो. तानशेनमधील द्रव्ये, जिनसेंगमधील सॅपोनिने, प्यूरॅरिन, बैकालिन, टेट्रामिथिलपायरॅझिन अशी कितीतरी नावे या साच्यात बसवलेली दिसतात.

या निष्कर्षांविषयी तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप प्रतिकृतीविषयी आहे. प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण, निरोगी आणि नर असतात. रुग्ण बहुधा वयस्क, उच्च रक्तदाब वा मधुमेह असलेले असतात. अनेक प्रयोगांत द्रव्य धमनी बंद करण्याच्या आधीच दिले जाते. झटका येण्यापूर्वी औषध घेऊन बसलेला रुग्ण प्रत्यक्षात भेटत नाही. या उणिवा दूर व्हाव्यात म्हणून १९९९ मध्ये ‘स्टेअर’ या नावाने ओळखले जाणारे निकष मांडले गेले. आघातानंतर दिलेली मात्रा, एकाहून अधिक प्राणिजाती, अंधपद्धतीने मोजमाप यांचा त्यांत समावेश आहे. प्रकाशनाचा कलही ध्यानात घ्यावा लागतो. सेना आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पक्षाघातावरील प्राणिप्रयोगांचे ५२५ निबंध तपासले. मृत भागावर लक्षणीय परिणाम दिसला नाही, असे सांगणारे निबंध त्यांत केवळ दोन टक्के होते. प्रयोगांत दिसणाऱ्या परिणामकारकतेचा सुमारे एकतृतीयांश भाग नकारात्मक निबंध छापले न गेल्यामुळे वाढलेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. हा दोष केवळ चिनी संशोधनाचा नाही; तो सर्वत्र आहे.

दुसरा आक्षेप मात्रेविषयी आहे. काचपात्रातील पेशींवर द्रव्याची जी तीव्रता वापरली जाते, तिच्या जवळपासही ती तोंडाने घेतलेल्या औषधामुळे रक्तात पोहोचत नाही. जिनसेंगमधील सॅपोनिने आणि बैकालिन यांचे आतड्यातून शोषण फारच अल्प होते. हळदीतील कुर्क्युमिनच्या बाबतीत आपल्या अभ्यासकांना ही अडचण परिचित आहे. रक्तात पोहोचल्यानंतरही रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडावा लागतो. पात्रातील परिणामाला शरीरातील औषधाचा दर्जा देण्यापूर्वी ही दोन्ही अंतरे मोजायला हवीत.

तिसरा आक्षेप ‘नेटवर्क फार्माकॉलॉजी’ या सध्याच्या लोकप्रिय पद्धतीविषयी आहे. येथे काढ्यातील घटकांची यादी संगणकीय संग्रहातून काढली जाते, त्यांची संभाव्य लक्ष्यप्रथिने शोधली जातात आणि आजाराशी संबंधित प्रथिनांच्या यादीशी ती जुळविली जातात. परिणामी कोणताही काढा घेतला तरी क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, बीटा-सिटोस्टेरॉल हीच द्रव्ये वारंवार पुढे येतात, कारण ती असंख्य वनस्पतींत असतात. आणि दाहाशी निगडित तीच ती प्रथिने लक्ष्य म्हणून सापडतात. जे स्पष्टीकरण प्रत्येक काढ्याला आणि जवळजवळ प्रत्येक आजाराला लागू पडते, ते कोणत्याच काढ्याचे स्पष्टीकरण नसते. क्वेर्सेटिन कांद्यातही असते. पण त्यावरून कांद्याला पक्षाघाताचे औषध म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

५. रुग्णांवरील चाचण्या : काढे आणि मिश्रणे

खरी कसोटी रुग्णांवरील चाचण्यांची आहे. या क्षेत्रातील जुन्या चाचण्यांचा दर्जा हा दीर्घकाळ चिंतेचा विषय होता. व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये विविध देशांतील चाचण्यांचे निकाल ताडून पाहिले, तेव्हा चीनमधून प्रकाशित झालेल्या चाचण्यांपैकी ९९ टक्के चाचण्यांत नवा उपचार सरस ठरल्याचे आढळले. इंग्लंडसाठी हे प्रमाण ७५ टक्के होते. २००९ मध्ये चिनी संशोधकांनीच आणखी मूलगामी पाहणी केली. ‘यादृच्छिक’ म्हणून छापलेल्या चाचण्यांच्या लेखकांशी संपर्क साधून त्यांनी प्रत्यक्ष विभागणी कशी केली ते विचारले. यादृच्छिकतेची मान्य पद्धत वापरणारे निबंध अवघे सात टक्क्यांच्या आसपास निघाले. अशा शेकडो चाचण्यांची बेरीज करून लिहिलेले संकलनात्मक परीक्षण वजनदार दिसले, तरी बेरजेतील आकडेच कच्चे असतील तर उत्तर पक्के होत नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र बदलले आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. २०१३ मध्ये ‘चाइम्स’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ वनस्पतिज व पाच प्राणिज घटक असलेले एमएलसी-६०१ हे मिश्रण चीनमध्ये २००१ पासून मान्यताप्राप्त होते. सिंगापूर, फिलिपिन्स, थायलंड, श्रीलंका आदी ठिकाणच्या सुमारे १,१०० रुग्णांना झटक्यापासून ७२ तासांच्या आत हे मिश्रण किंवा हुबेहूब दिसणारी निरौषध कॅप्सूल देण्यात आली. तीन महिन्यांनंतर रँकिन मोजपट्टीवर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन वर्षांच्या पुढील पाठपुराव्यात सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत स्वावलंबी रुग्णांचे प्रमाण औषधगटात अधिक दिसले; परंतु दोन वर्षांनंतर एकूण मोजपट्टीवर लक्षणीय फरक राहिला नाही. हा संकेत पुनर्वसनाच्या दिशेने तपासण्याजोगा आहे. मुख्य प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यावर दुय्यम निरीक्षणालाच यश म्हणून जाहीर करणे मात्र योग्य नव्हे, आणि या मिश्रणाविषयीच्या काही लेखनात तसे घडलेले दिसते.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली ‘चेन’ ही चाचणी अधिक बोलकी आहे. मेंदूत रक्तस्राव झालेल्या १,६४८ रुग्णांना चीनमधील २६ रुग्णालयांत ‘झोंगफेंग शिंगनाओ’ हे पातळ औषध किंवा निरौषध द्रव दुहेरी अंधपद्धतीने देण्यात आला. ९० दिवसांनंतर दोन्ही गटांचा गुणांक सारखाच, ०.४४ आला. औषध सुरक्षित होते. पण उपयोग झाला नाही. ही चाचणी रक्तस्रावाच्या रुग्णांपुरती होती, त्यामुळे गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताला तिचा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही चिनी संशोधकांनी आपल्याच परंपरेतील औषधाची कठोर परीक्षा घेऊन नकारात्मक निकाल निःसंकोचपणे प्रसिद्ध केला, ही घटना वांग छिंगरेन यांच्या वारशाला शोभणारी आहे.

येथे परंपरेच्या समर्थकांचा एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. चिनी वैद्यकात औषध रुग्णाच्या प्रकृतिलक्षणांनुसार बदलते; सर्वांना एकच औषध देणारी चाचणी तिला न्याय देत नाही, असे ते म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो अर्धाच लागू पडतो. बंद बाटलीतून वा कॅप्सूलमधून सर्वांना एकच मिश्रण विकले जात असेल, तर सर्वांना तेच देऊन त्याची परीक्षा घेण्यात अन्याय कोणता? राहिला प्रश्न व्यक्तिगत योजनेचा. वैद्याला हवे ते औषध लिहू द्यावे आणि औषधालयात यादृच्छिक पद्धतीने अर्ध्या रुग्णांना ते व अर्ध्यांना निरौषध द्रव्य द्यावे, अशी चाचणी अवघड असली तरी अशक्य नाही. मिश्रणाची परीक्षाच घेता येत नाही, हे म्हणणेही टिकत नाही. वनस्पती आणि विंचू, जळू यांसारखे प्राणिज घटक असलेले ‘तोंगशिनलुओ’ हे मिश्रण हृदयविकाराच्या झटक्यात सुमारे ३,८०० रुग्णांवर निरौषध द्रव्याशी तुलना करून तपासले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार ३० दिवसांतील गंभीर घटनांचे प्रमाण ५.२ वरून ३.४ टक्क्यांवर आले. हा निकाल स्वतंत्रपणे पडताळला जावा लागेल. परंतु मिश्रणाला यश वा अपयश देणारी चाचणी रचता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

६. रुग्णांवरील चाचण्या : अर्क आणि रेणू

वेगळ्या काढलेल्या द्रव्यांचे निकाल तुलनेने आशादायक आहेत. सेलरीच्या बियांत मूळ सापडलेले ब्युटिलफ्थॅलाइड चीनमध्ये २००२ मध्ये मान्य झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बास्ट’ चाचणीत गुठळी विरघळविणारा किंवा काढणारा उपचार घेतलेल्या १,२१६ रुग्णांना ते अथवा निरौषध द्रव्य देण्यात आले. ९० दिवसांनंतर चांगली स्थिती असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५७ व ४४ टक्के होते. गिंकोच्या डायटर्पीन लॅक्टोनांचे इंजेक्शन ३,४४८ रुग्णांवर तपासले गेले आणि २०२३ मध्ये सुमारे ५० विरुद्ध ४४ टक्के असा निकाल प्रसिद्ध झाला. एडारावोन व डेक्सबोर्निओल यांच्या संयुक्त इंजेक्शनाची तुलना २०२१ मधील ‘टेस्ट’ चाचणीत केवळ एडारावोनशी करण्यात आली. तेथे प्रमाण सुमारे ६७ व ५९ टक्के होते. याच संयुगाची जिभेखाली ठेवायची गोळी ९१४ रुग्णांवर निरौषध गोळीशी ताडून पाहिली गेली आणि २०२४ मध्ये तिचाही निकाल अनुकूल आला.

हे आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तथापि दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. या सर्व चाचण्या चीनमध्ये, चिनी रुग्णांवर झाल्या. अन्य देशांतील तोलामोलाच्या चाचण्यांनी त्यांची पुष्टी होणे बाकी आहे. शिवाय पक्षाघाताच्या क्षेत्रात पहिल्या अनुकूल निकालावर विसंबल्याने फसगत झाल्याचा अनुभव ताजा आहे. एनएक्सवाय-०५९ हे द्रव्य २००६ मधील ‘सेंट-१’ चाचणीत सुमारे १,७०० रुग्णांत उपयुक्त दिसले आणि पुढच्याच वर्षी सुमारे ३,३०० रुग्णांच्या ‘सेंट-२’ चाचणीत पूर्णपणे निष्प्रभ ठरले. ते वनौषधी नव्हते. पण सावधगिरीचा नियम द्रव्याचे कूळ पाहून बदलत नाही.

७. श्रेयाचे हस्तांतरण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परीक्षणलेखांत वरील निकाल एकाच तक्त्यात, ‘चिनी वनौषधींचे मेंदूरक्षक कार्य’ अशा शीर्षकाखाली येतात. वाचकाचा समज होतो की परंपरेतील काढ्यांना आधुनिक चाचण्यांनी दुजोरा दिला. वस्तुस्थिती वेगळी आहे.

ब्युटिलफ्थॅलाइड प्रत्यक्षात कृत्रिमरीत्या तयार केले जाते आणि पक्षाघातावरील प्रसिद्ध जुन्या काढ्यांत सेलरीला स्थान नाही. गिंको हा वृक्ष चीनचा. परंतु परंपरेत मुख्यतः त्याच्या बिया वापरात होत्या. पानांच्या प्रमाणित अर्काची वाट १९६० च्या दशकात जर्मनीतील औषधउद्योगाने घातली. एडारावोन हे पूर्णतः कृत्रिम द्रव्य असून पक्षाघातासाठी ते २००१ मध्ये जपानमध्ये मान्य झाले. परंपरेशी खरा दुवा आहे तो डेक्सबोर्निओलचा. बोर्निओतील वृक्षापासून मिळणारा हा कापूर चिनी वैद्यकात ‘बिंगप्येन’ म्हणून, तर आपल्याकडे भीमसेनी किंवा बरास कापूर म्हणून परिचित आहे. बेशुद्धीत ‘द्वारे उघडणारे’ आणि इतर औषधांना वर नेणारे द्रव्य अशी त्याची परंपरागत ख्याती आहे. रक्त व मेंदू यांमधील अडसर ते सैल करते, असे प्राणिप्रयोगांतही दिसले आहे. परंपरेतील निरीक्षणातून संशोधनाची दिशा मिळाल्याचे हे चांगले उदाहरण मानता येईल. पण त्यावरूनही कापूर असलेल्या जुन्या गोळ्या सिद्ध होत नाहीत. ‘आनगोंग न्यूह्वांग वान’ या प्रसिद्ध गोळीत कापराबरोबर हिंगूळ आणि मनशीळ, म्हणजे पारा व आर्सेनिक यांची संयुगेही पारंपरिक पाठानुसार असतात.

थोडक्यात, पक्षाघाताच्या बाबतीत कठोर चाचणीला उतरलेली द्रव्ये परंपरेपासून दूर गेलेली आहेत आणि एमएलसी-६०१ व झोंगफेंग शिंगनाओ ही परंपरेच्या जवळ राहिलेली मिश्रणे अशा चाचणीत मुख्य निकषावर उतरलेली नाहीत. दोहोंना एकच नाव दिल्याने रेणूचे यश काढ्याच्या खात्यावर जमा होते आणि काढ्याचे प्राचीनत्व रेणूच्या सुरक्षिततेची हमी म्हणून वापरले जाते. हे दुसरे हस्तांतरण अधिक घातक आहे. काढा म्हणून शतके प्यायलेली वनस्पती शिरेत टोचली की तिचे स्वरूप बदलते. युशिंगत्साओ या वनस्पतीच्या इंजेक्शनामुळे गंभीर प्रतिक्रिया उद्भवल्याने २००६ मध्ये चीनच्या औषधनियंत्रकांना त्याचा वापर थांबवावा लागला. तानशेनमुळे वॉरफॅरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदीही आहेत. अर्धांगाचे कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी ‘रक्त वाहते करणारे’ औषध घरीच देणे किंवा त्याच्या भरवशावर रुग्णालयात जाण्यास विलंब करणे, या दोन्ही गोष्टी रुग्णाचे अपरिमित नुकसान करू शकतात. प्रयोगशाळेतील निबंधाचे शीर्षक तेथपर्यंत पोहोचते, याचे भान लेखकाने ठेवले पाहिजे.

८. आपल्या संशोधनासाठी बोध

ही चर्चा केवळ चीनपुरती नाही. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र या विभागांत ब्राह्मी, अश्वगंधा, हळद आदींवर प्रकल्प आणि प्रबंध होतात व त्यांतही काढा, अर्क, रेणू यांची सरमिसळ सहज होते. भारतात २०१५ मध्ये औषधनियमांत दुरुस्ती करून ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला. किमान चार ज्ञात घटकांचे प्रमाण निश्चित केलेला शुद्ध वनस्पतिज अंश अशी त्याची कल्पना असून त्याला आधुनिक औषधाप्रमाणे चाचण्यांतून जावे लागते. काढा व रेणू यांच्यामधील ही पायरी कायद्याने ओळखली. आपल्या निबंधांनीही ती ओळखावी.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला पुढील प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. तपासलेली वस्तू नेमकी कोणती आणि तिचे प्रमाणीकरण कसे केले? परंपरेतील ज्या वापराचा दाखला दिला आहे, तो याच अवयवाचा, याच मात्रेचा आणि रोगाच्या याच अवस्थेचा आहे काय? मोजमाप करणाऱ्यास गट माहीत होते काय? वापरलेली तीव्रता शरीरात शक्य आहे काय? निष्कर्षातील क्रियापद पुराव्याच्या मापाचे आहे काय? ‘संकेत मिळतो’ आणि ‘रक्षण करते’ यांत केवळ शैलीचा फरक नाही. नकारात्मक निकालही छापण्याची तयारी महाविद्यालयीन नियतकालिकांनी दाखवली, तर मोठी नियतकालिके जे सहसा टाळतात ते कार्य आपल्या हातून घडेल.

९. निष्कर्ष

चिनी वनौषधींतून पक्षाघातावरील उपयुक्त औषध मिळण्याची शक्यता नाकारण्याचे कारण नाही. ब्युटिलफ्थॅलाइड आणि डेक्सबोर्निओल यांविषयीचे निकाल पुढील स्वतंत्र चाचण्यांना पात्र आहेत. काढ्यांच्या बाबतीत तीव्र अवस्थेतील मेंदूरक्षणाचा दावा आज सिद्ध झालेला नाही. पुनर्वसनातील उपयोगाचा प्रश्न खुला आहे आणि मूळ परंपरेचा दावाही तोच होता. या साहित्याची पहिली गरज आणखी प्रयोगांची नसून वर्गीकरणाच्या शिस्तीची आहे. प्रत्येक पुरावा ज्या वस्तूचा असेल त्याच वस्तूच्या नावावर नोंदविला गेला पाहिजे. परंपरेची अशी चिकित्सा करणे म्हणजे तिचा अवमान नव्हे. ज्या वैद्याच्या काढ्याचा दाखला आज जगभरातील निबंधांत दिला जातो, त्याने आपल्या ग्रंथाला ‘चुकांची दुरुस्ती’ हे नाव दिले होते. त्याच्या काढ्याइतकेच लक्ष त्या नावाकडेही दिले, तर रुग्णांचे अधिक हित होईल.